‘आता वयच झालं’च्या आड लपलेला आजार

आत्याचा पितळी पानाचा डबा कित्येक दिवस उघडलाच नव्हता. आतला चुना वाळून त्याला भेगा पडल्या होत्या. वहिनीला तो दिसला, तेव्हा कुठे आमच्या मनात पाल चुकचुकली. आत्या ‘उदास वाटतंय’ असं कधीच म्हणाली नाही. गुडघे दुखतात, छातीत धडधडतं, घास घशाखाली उतरत नाही, पहाटे तीनलाच डोळे उघडतात, एवढंच सांगायची. डॉक्टरांनी टॉनिक लिहून दिलं. ‘पंचाहत्तरी उलटली, आता हे असंच चालायचं,’ म्हणाले. आम्हीही माना डोलावल्या.

अशा माना घरोघर डोलतात. मुंबईतल्या देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने २०१७-१८मध्ये ‘लासी’ ही भारतीयांच्या वाढत्या वयाविषयीची पाहणी झाली. पंचेचाळिशीपुढच्या ७२ हजारांहून जास्त भारतीयांशी बोलणं झालं. साठी ओलांडलेल्यांपैकी ८.३ टक्के लोकांमध्ये नैराश्याची ठळक लक्षणं आढळली. तसं निदान झाल्याचं सांगणारे मात्र एक टक्काही नव्हते. म्हणजे दहातल्या नऊ जणांचा आजार कुणी ओळखलेलाच नाही!

ओळखणं अवघड असतं, हे खरंच. झोप कमी होणं, सांधे धरणं, थकवा ही वयाचीही लक्षणं आणि नैराश्याचीही. विसराळूपणा वाढला की स्मृतिभ्रंशाची शंका येते. पण तो कधीकधी नैराश्यातून आलेला असतो आणि उपचारांनी कमीही होतो. म्हणूनच १९८०च्या दशकात अमेरिकेत वृद्धांसाठी वेगळी प्रश्नावली तयार झाली. तिच्यात दुखण्याखुपण्याचे प्रश्न मुद्दाम टाळले. ‘आयुष्य रिकामं वाटतं का?’ यासारखे साधे, हो किंवा नाही एवढंच उत्तर मागणारे प्रश्न ठेवले.

आपल्याकडे थोरामोठ्यांचा मान राखतात, म्हणून आपले म्हातारे सुखी, असं आपण धरून चालतो. नॉर्थ आणि फिस्क या संशोधकांनी २०१५मध्ये २३ देशांतले अभ्यास एकत्र तपासले, तर चित्र उलटंच निघालं. वृद्धांबद्दलची मतं पाश्चात्त्यांपेक्षा पौर्वात्य देशांत जास्त प्रतिकूल होती, त्यातही पूर्व आशियात सर्वाधिक. जिथे वृद्धांची संख्या झपाट्याने वाढली, तिथे कडवटपणाही जास्त दिसला. वाकून नमस्कार करणारा माणूसही मनात ‘यांचं आता काय राहिलंय’ म्हणत असू शकतो. मला याहून जास्त काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची: आयुष्यभर ऐकलेलं ते वाक्य म्हातारपणी माणूस स्वतःलाच लावतो. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या ६६० जणांच्या अभ्यासात संशोधक बेका लेव्ही यांना आढळलं, की स्वतःच्या वाढत्या वयाकडे चांगल्या नजरेने पाहणारे इतरांपेक्षा सरासरी साडेसात वर्षं जास्त जगले. हा नुसता संबंध आहे, कार्यकारणाचा पुरावा नव्हे. पण दुर्लक्ष करावं इतका लहानही नाही.

उपाय करता येतो, हे गोव्याने दाखवलं. डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणारे, नैराश्याच्या उंबरठ्यावरचे १८१ वृद्ध निवडले. प्रशिक्षण दिलेले साधे कार्यकर्ते निम्म्यांशी नियमित बोलत राहिले: अडचण एकेक करून कशी सोडवायची, झोपेची घडी कशी बसवायची, मधुमेह कसा सांभाळायचा, सरकारी योजनेचा लाभ कसा मिळवायचा. वर्षभरात नेहमीचीच सेवा मिळालेल्या ९० जणांपैकी १३ जण नैराश्यात गेले. ज्यांच्याशी कार्यकर्ते बोलत होते, त्या ९१ जणांपैकी फक्त ४.