ऑल-टेरेन टायर : बर्फातील पकड आणि ट्रेडचे आयुष्य

ऑल-टेरेन टायर हा पिकअप ट्रक आणि एसयूव्हीसाठीचा, डांबरापासून खडी-चिखलापर्यंत सगळीकडे चालणारा टायर. अमेरिका व कॅनडाच्या बर्फाळ भागांत पुष्कळ जण तो बारा महिने गाडीला ठेवतात. तिथे निवडीचा पेच एकच असतो : बर्फात धरणारा टायर कोरड्या रस्त्यावर लवकर झिजतो, आणि जास्त चालणारा टायर बर्फात घसरतो.

कारण रबरात आणि नक्षीत आहे. तापमान साधारण 7 अंश सेल्सिअसच्या खाली गेले की नेहमीचे रबर कडक होऊ लागते. थंडीत लवचिक राहावे म्हणून मिश्रणात सिलिकाचे प्रमाण वाढवतात, पण असे मऊ मिश्रण उन्हाळ्यातल्या तापलेल्या डांबरावर भराभर घासले जाते. ट्रेड म्हणजे टायरचा जमिनीला टेकणारा नक्षीचा थर; त्याच्या ठोकळ्यांवर पाडलेल्या बारीक चिरांना साइप म्हणतात. त्यांच्या कडा दाबलेल्या बर्फात रुततात. कोरड्या रस्त्यावर मात्र त्याच चिरांमुळे ठोकळे हलतात, तापतात आणि कडेने झिजतात. रुंद खाचांत बर्फ ठासून बसतो आणि रस्त्यावरच्या बर्फाला चिकटतो; पकडीचा बराच भाग या बर्फावर-बर्फ घर्षणातून येतो. त्यामुळे मोठ्या, चिरा नसलेल्या ठोकळ्यांचा मड-टेरेन (चिखलासाठीचा) टायर दिसायला दणकट असला, तरी दाबलेल्या बर्फावर आणि विशेषतः गोठलेल्या पाण्यावर तो कमी पडतो.

टायरच्या कडेवरील ‘एम प्लस एस’ (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) खुणेवर फार विसंबू नये. ती केवळ नक्षीच्या भूमितीवरून मिळते. तिच्यासाठी बर्फावर चाचणी घेतलेली नसते. तीन शिखरांच्या डोंगरातील हिमकणाचे चिन्ह 1999 पासून वापरात आहे आणि त्यामागे खरी चाचणी आहे : एएसटीएम एफ1805 या प्रमाणित पद्धतीने दाबलेल्या बर्फावर सरळ रेषेत वेग घेताना टायरची ओढ संदर्भ टायरपेक्षा किमान सुमारे 10 टक्के जास्त भरावी लागते. पण या चाचणीत ब्रेक, वळण आणि गोठलेले पाणी यांचा समावेश नाही, आणि ती नव्या टायरवर होते. फोर-व्हील ड्राइव्हचेही असेच आहे; गाडी निघायला मदत होते, थांबायला नाही. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात 1 डिसेंबर ते 15 मार्च हे हिमकणाचे चिन्ह सक्तीचे आहे.

आयुष्याची तुलना बहुधा कंपनी जितक्या मैलांची हमी देते त्यावरून होते, आणि इथेच हिशेब चुकतो. हमी ट्रेड 2/32 इंच, म्हणजे 1.6 मिलिमीटर उरेपर्यंतची असते. बर्फासाठी मात्र 6/32 इंच, म्हणजे सुमारे 4.8 मिलिमीटर ही व्यवहार्य मर्यादा मानतात. कोलोरॅडोत आंतरराज्य महामार्ग 70 च्या डॉट्सेरो–मॉरिसन पट्ट्यात 1 सप्टेंबर ते 31 मे एवढीच किमान खोली (3/16 इंच) कायद्याने लागते. नवा टायर 15/32 इंचांचा असेल तर हमीच्या हिशेबात 1/32 इंचाचे 13 भाग झिजायचे, बर्फाच्या हिशेबात फक्त 9. झीज सारखी होते असे धरले, तर 50,000 मैलांची (80,000 किलोमीटर) हमी बर्फात जेमतेम 35,000 मैलांची ठरते. 12/32 इंचांच्या टायरचे गणित आणखी वाईट : 10 पैकी 6 भाग. म्हणून हिवाळ्यासाठी घेताना हमीच्या आकड्याआधी नव्या ट्रेडची खोली विचारावी. साइप किती खोल आहेत तेही पाहावे; काही टायरांत ते अर्ध्यावरच संपतात, मग नक्षी शिल्लक दिसते पण पकड गेलेली असते. खोली मोजायला डेप्थ गेज उत्तम. ते नसेल तर अमेरिकी क्वार्टर नाणे डोके खाली करून खाचेत घालावे. वॉशिंग्टनच्या डोक्याचा वरचा भाग दिसला, तर 4/32 इंचही उरलेले नाही.

एकाच नावाचा टायर वेगवेगळ्या मापांत वेगळा असतो. टोयो ओपन कंट्री ए/टी थ्रीवर पी-मेट्रिक (प्रवासी गाड्यांच्या) मापांत 65,000 मैलांची, तर एलटी (हलक्या ट्रकच्या) मापांत 50,000 मैलांची हमी आहे. एलटी टायर जाड थरांचा, जड आणि सहसा खोल नक्षीचा असतो. जड ओझे किंवा धारदार खडी नसेल तर हलक्या पिकअपला त्याची गरज नसते, पण दिसण्याच्या मोहापायी तो घेतला जातो. ई लोड रेंजच्या, म्हणजे जास्त भार पेलणाऱ्या टायरमध्ये 80 पीएसआयपर्यंत (पीएसआय हे हवेच्या दाबाचे एकक) हवा भरता येते म्हणून रिकाम्या गाडीतही तेवढी भरली, तर मधला पट्टा झिजतो आणि जमिनीला टेकणारा भाग आक्रसतो. हवा दरवाजाच्या चौकटीवरील तक्त्यावरून ठरवावी. मूळ माप बदलले असेल तर भार-हवा तक्ता पाहावा. तापमान साडेपाच अंशांनी उतरले की दाब सुमारे 1 पीएसआय कमी होतो; शरद ऋतूत 20 अंशांना भरलेली हवा उणे 15 अंशांच्या सकाळी 6 पीएसआयने कमी भरते, आणि मग टायरचे खांदे, म्हणजे ट्रेडच्या दोन्ही कडा, घासतात.

झीज एकसारखी राहावी म्हणून दर 8,000 ते 10,000 किलोमीटरला टायरांच्या जागांची आपसांत अदलाबदल करावी. त्याच्या पावत्या नसतील तर हमीचा दावा फेटाळला जाऊ शकतो. दावा मान्य झाला तरी पूर्ण पैसे मिळत नाहीत, उरलेल्या मैलांच्या प्रमाणात नव्या टायरवर सूट मिळते. अलाइनमेंट (चाकांची सरळ रेषा) बिघडलेली असेल तर अदलाबदलीने फक्त झीज चारही चाकांत वाटली जाते.

वर्षातून मोजकेच दिवस बर्फ पडणाऱ्या ठिकाणी हिमकण चिन्हाचा ऑल-टेरेन पुरेसा होतो. रस्ते महिनोन्‌महिने गोठलेले राहत असतील, तर वेगळ्या रिमांवर खास हिवाळी टायरांचा दुसरा संच घ्यावा. सुरुवातीला खर्च मोठा, पण दोन्ही संच आळीपाळीने झिजतात, आणि उन्हाळ्यासाठी कडक मिश्रणाचा, जास्त चालणारा ऑल-टेरेन बेधडक निवडता येतो. रिकाम्या पिकअपचा मागचा भाग हलका असल्याने मागच्या आसावर वाळूची पोती ठेवून ती नीट बांधतात. मोकळी राहिली तर ब्रेक मारताच पुढे सरकतात.