मुळेचं पाणी, कुंडलिकेची लाट
पुण्याच्या कयाकिंगची पार्श्वभूमी

रायगड जिल्ह्यातल्या कोलाडला कुंडलिकेवर ज्या पाण्यात राफ्ट आणि कयाक (वरून बंद, अरुंद होडी) उतरतात, ते पाणी बहुतांशी कुंडलिकेचं नाहीच. ते पुणे जिल्ह्यातल्या मुळा आणि निळा नद्यांच्या खोऱ्यातलं. त्याला त्याच्या वाटेने जाऊ दिलं असतं तर ते पुण्यावरून भीमेला, भीमेतून कृष्णेला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला मिळालं असतं. टाटांनी मुळशीला धरण बांधलं, पाणी बोगद्यातून सह्याद्रीच्या कड्यापर्यंत आणलं, आणि पाचशे मीटरच्या आसपास खाली भिऱ्याच्या वीजगृहात नळांतून सोडलं. खोपोली (१९१५) आणि भिवपुरी (१९२२) नंतरचं हे तिसरं केंद्र, १९२७ सालचं. टर्बाइन फिरवून झालेलं पाणी कुठेतरी सोडावंच लागतं. ते कुंडलिकेत आलं आणि तिच्यासोबत रोह्यावरून रेवदंड्याला अरबी समुद्रात गेलं.

या धरणाची किंमत मुळशी पेट्यातल्या मावळ्यांनी मोजली. १९२१च्या रामनवमीला मुळशी सत्याग्रह सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट त्यात आघाडीवर होते, आणि बापटांना ‘सेनापती’ ही ओळख मिळाली ती याच लढ्यातून. जगातल्या सुरुवातीच्या धरणविरोधी लढ्यांत त्याची गणना होते. १९२४पर्यंत तो मावळला, धरण झालं, गावं बुडाली. कोलाडच्या माहितीपत्रकांत या इतिहासाचा उल्लेख सहसा नसतो. तो असायला हवा.

त्याच १९२७ साली, भिऱ्याशी काडीचा संबंध नसलेली एक गोष्ट ऑस्ट्रियात घडली. एदी हान्स पावलाटा या ऑस्ट्रियन माणसाने कयाक पालथी झाल्यावर बाहेर न पडता, आत बसल्याबसल्या ती पुन्हा सरळ केली. एस्किमोंसाठी यात नवं काही नव्हतं. ग्रीनलंडच्या शिकाऱ्याला बोटीबाहेर पडणं म्हणजे बर्फगार पाण्यात काही मिनिटांत मरण. त्यामुळे रोल, म्हणजे उलटलेली बोट आतूनच सरळ करणं, त्याला यावाच लागे. सीलचं कातडं, वाहून आलेल्या लाकडाचा सांगाडा आणि अंगरख्याला घट्ट बांधलेलं बोटीचं तोंड, ही त्यांची मूळ रचना. युरोपात कयाकसारख्या बोटी त्याआधीच पोचल्या होत्या. जॉन मॅकग्रेगर या स्कॉटिश वकिलाने १८६५मध्ये ‘रॉब रॉय’ नावाची लाकडी बोट बनवून घेतली आणि युरोपभर हिंडला. १९०५मध्ये आल्फ्रेड हॉइरिखने म्युनिकला घडीची बोट तयार केली. दोन वर्षांनी योहान क्लेपरने तिचं उत्पादन सुरू केलं. घडी करून आगगाडीत टाकता येणाऱ्या या बोटीमुळे आल्प्सचे ओढे शहरी माणसाच्या आवाक्यात आले. पण उलटलं की पोहत काठ गाठायचा, एवढाच उपाय त्यांच्याकडे होता. पावलाटाने तो बदलला.

रोल आजही जवळपास तसाच शिकवतात. उलटल्यावर आधी अंग पुढे झुकवून डेकला, म्हणजे बोटीच्या वरच्या बंद भागाला, चिकटवायचं. उथळ, खडकाळ पात्रात चेहरा आणि दात वाचतात ते यामुळे. मग पॅडल बोटीच्या कडेला समांतर धरून पातं पाण्याच्या पृष्ठभागावर आणायचं. पातं कमानीत बाहेर नेता नेता कंबरेच्या झटक्याने बोट सरळ करायची. अंग तिच्यामागून येतं आणि डोकं सगळ्यात शेवटी. नवशिक्याचं बिनसतं ते इथेच. श्वासासाठी तो डोकं आधी उचलतो, त्या धडपडीत चुकीच्या बाजूचा गुडघा डेकवर दाबला जातो आणि बोट पुन्हा पालथी होते. पावलाटा पॅडल पुढे सरकवून, एका पात्याचं टोक हातात धरून रोल करायचा. तरफ लांब झाल्याने ते सोपं जातं. पण वेगवान पाण्यात पकड बदलायला वेळ नसतो, म्हणून आता नेहमीच्या पकडीतला रोल आधी पक्का करून घेतात. पोहण्याच्या तलावात दहापैकी नऊ वेळा जमत नसेल तर कोलाडला जाण्याची घाई करू नये.

बोटीच्या सामानाचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. घडीच्या बोटींनंतर फायबरग्लास आलं; ते हलकं होतं, पण खडकावर आपटलं की तडकायचं. १९७३मध्ये कॅलिफोर्नियातल्या हॉलोफॉर्म कंपनीने फिरत्या साच्यात पॉलिथिलीन वितळवून कयाक काढली. आपल्या गच्चीवरच्या काळ्या टाक्या याच पद्धतीने बनतात. प्लॅस्टिकची बोट खडकावरून घसरते, चेपते, पण सहसा फुटत नाही. त्यानंतरच अरुंद, दगडांनी भरलेले ओढे खऱ्या अर्थाने खुले झाले. आजची ओढ्यांसाठीची कयाक अडीच ते पावणेतीन मीटर लांब, वीसेक किलो वजनाची, दोन्ही टोकांना वर उचललेली आणि फुगीर असते. धबधब्याखाली बुडाली तरी ती लवकर वर येते, ती या फुगीरपणामुळे. २००९मध्ये टायलर ब्रॅटने अमेरिकेतल्या पलूस धबधब्यावरून १८९ फूट उडी मारली, तीही प्लॅस्टिकच्याच बोटीतून.

पुण्यात होड्या मात्र फार जुन्या. सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब १९२८पासून संगमाजवळ आहे, आणि तिथल्या रिगाटात कयाक बॅले पाहायला आजही गर्दी होते. दापोडीच्या सीएमईत, म्हणजे लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयात, लष्कराचं रोइंग केंद्र आहे. पण हे सगळं साचलेल्या पाण्यावरचं. संगमाला वर्षभर पाणी दिसतं ते खालच्या बंडगार्डनच्या बंधाऱ्यामुळे. तिथे पॅडल मारणाऱ्याला खळाळाशी नाही, जलपर्णीशी झुंजावं लागतं. शहरातून वाहणाऱ्या नदीत पाणी कधी उसळेल हे खडकवासल्याचे दरवाजे ठरवतात, आणि त्या दिवशी पात्रात सांडपाण्याबरोबर ओंडके, केबल आणि निर्माल्याच्या पिशव्याही असतात. ती जागा या खेळाची नव्हे.

म्हणून पुणेकर ताम्हिणी उतरून कोलाडला जातो. तिथे पाऊस संपल्यावरही पाणी असतं, कारण ते विजेच्या वेळापत्रकाने सुटतं. रावळजेच्या बाजूने सकाळी पाणी सुटलं की पात्र भरतं, सुमारे बारा किलोमीटरचा टप्पा वाहता होतो आणि पाणी थांबलं की दुपारपर्यंत गोटे उघडे पडतात. अवघडपणाच्या एक ते सहा या आंतरराष्ट्रीय श्रेणीत हा टप्पा दोन-तीनचा. एडीत, म्हणजे खडकामागच्या उलट फिरणाऱ्या शांत पाण्यात, शिरणं-निघणं आणि प्रवाह तिरका कापणं शिकायला तो उत्तम. अडचण दोन ठिकाणी येते. राफ्टच्या मागे फार अंतर ठेवलं तर पाण्याचं शेपूट लागतं, लाटा बसतात आणि दगड वर येतात. दुसरं, वीजगृहात दुरुस्ती निघाली किंवा निर्मिती नसली तर पाणीच सुटत नाही. आदल्या संध्याकाळी चौकशी केल्याशिवाय गाडीवर बोटी बांधू नयेत. दांडेलीची काळीसुद्धा अशीच, सुपा धरणाच्या तालावर चालणारी.

घाटमाथ्याच्या छोट्या ओढ्यांना मात्र कुठलंच वेळापत्रक नाही. दहा चौरस किलोमीटरच्या पाणलोटावर तीन तासांत १०० मिलिमीटर पाऊस पडला आणि सगळा वाहून आला, तर सरासरी सेकंदाला सुमारे ९३ घनमीटर पाणी होतं, म्हणजे सुमारे ३,२७० क्युसेक. सगळंच वाहून येत नाही हे खरं. पण जुलैच्या मध्याला माती भिजून चिंब झालेली असते आणि तिच्याखाली कातळ, त्यामुळे फारसं मुरतही नाही. अशा ओढ्यात दहा घनमीटरच्या आसपास पाण्यात बोट नीट चालते. त्या पातळीला तो चढताना एकदा आणि उतरताना एकदा येतो, आणि दोन्ही वेळा मिळून हाती काही तास लागतात. उतरत्या पाण्यातच बोट टाकावी. पाणी अचानक लाल-तपकिरी झालं, त्यात पाला-काटक्या वाढल्या किंवा काठावरचा कोरडा दगड दिसेनासा झाला, की वर कुठेतरी पाऊस कोसळला आहे असं समजून बाहेर पडायचं.

कातळाचा स्वभावही समजून घ्यायला हवा. दख्खनचा बेसॉल्ट थरांवर थर असा साचलेला आहे. एक थर टणक, त्याखालचा सच्छिद्र किंवा लाल मातकट. खालचा थर आधी झिजतो, वरचा छज्जासारखा पुढे राहतो आणि कधीतरी मोडून कुंडात पडतो. त्यामुळे आपल्याकडचे धबधबे पायऱ्यापायऱ्यांचे, मागून पोखरलेले आणि तळाशी मोडक्या शिळा असलेले. गढूळ पाण्यात त्या दिसत नाहीत. कुंडाची पाहणी एप्रिल-मेमध्ये, कोरड्या पात्रात उतरून, पट्टीने खोली मोजूनच करावी. निघोजला कुकडीच्या पात्रात दिसतात तसे रांजणखळगे असतील तर ती जागा सोडूनच द्यावी. बोट नाकावर आत गेली तर अडकते, आणि प्रवाह तिला तिथेच दाबून ठेवतो.

लहान पायरीवरून उतरताना बोटीचं नाक वर राहील असं उडवतात, त्याला बूफ म्हणतात. काठाशी येताना वेग हवा. शेवटचा वल्ह्याचा फटका नेमका काठावर, पातं उभं ठेवून, मग गुडघे वर आणि अंग पुढे. फटका लवकर बसला तर नाक खाली जाऊन बोट थेट धबधब्याखालच्या उलट फिरणाऱ्या पाण्यात शिरते. पाच-सहा मीटरवरून फेस नसलेल्या, घट्ट हिरव्या पाण्यावर सपाट पडलं तर मणका दाबला जातो. तेवढ्या उंचीवरून नाकावरच उतरावं लागतं, आणि त्यासाठी खोल कुंड लागतं. काठावर पंधरा-वीस मीटरची तरंगणारी दोरी घेऊन एक जण उभा नसेल तर उडी रद्द.

याच सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडे, कोझिकोड जिल्ह्यात, चालिपुळा आणि इरुवन्हिपुळा नद्यांवर २०१३पासून मलबार रिव्हर फेस्टिव्हल भरतो. पाऊस तिथेही जुलैचाच. पण खडक वेगळा, गोलसर मोठ्या धोंड्यांचा. तिथले व्हिडिओ पाहून आपल्या घाटातल्या कड्यांवर तसं करायला जाऊ नये. शर्यतीची आवड असलेल्यांसाठी अहिल्याबाईंच्या महेश्वरला नर्मदेच्या सहस्रधारेत स्लॅलम, म्हणजे टांगलेल्या खांबांच्या फाटकांतून वळत जायची शर्यत, होते, आणि तो कातळ आपल्यासारखाच बेसॉल्टचा. ऑलिंपिकमध्ये स्लॅलम पहिल्यांदा झाली ती १९७२च्या म्युनिक स्पर्धेत, ऑग्सबुर्गच्या कृत्रिम पात्रात, आणि १९९२पासून पुन्हा सुरू झाली. बोटींची धक्काबुक्की चालणारा कयाक क्रॉस २०२४ला पॅरिसमध्ये आला.

३० जून २०२४ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात पुण्याच्या एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यानंतर पुणे जिल्ह्यात पावसाळी पर्यटनस्थळांवर जिल्हाधिकाऱ्यांचे मनाई आदेश निघाले. असे आदेश आणि ताम्हिणी अभयारण्यातले वनखात्याचे नियम बोटवाल्यालाही लागू होतात. हेल्मेट आणि लाइफ जॅकेट घातलं म्हणून सूट मिळत नाही.

सपाटीवर आल्यावर धोका संपला असं वाटतं, आणि तिथेच कोल्हापूर पद्धतीचे बंधारे लागतात. पावसाळ्यात त्यांचे बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढलेले असतात, त्यामुळे वरून पाहिलं तर पाणी खांबांमधून सरळ निघून जाताना दिसतं. पण गाळ्यांत ओंडके आणि काटेरी फांद्या अडकलेल्या असतात. पाणी त्यांतून गाळून जातं, माणूस जात नाही. बोट आडवी येऊन खांबाला लागली तर दुमडते. बर्गे लावलेले असतील आणि पाणी वरून सांडत असेल, तर खाली काठापासून काठापर्यंत एकसारखं उलटं पाणी तयार होतं. नैसर्गिक पायरीला कुठेतरी फट असते, या भिंतीला नसते. आत सापडलेली बोट तिथेच गोल फिरत राहते. म्हणून बंधारा दिसायच्या बऱ्याच आधी काठाला लागायचं, बोट खांद्यावर घ्यायची आणि बांधावरून पलीकडे चालत जायचं.