शार्त्र कॅथीड्रल : गॉथिक वास्तू कशी पाहावी

पॅरिसच्या नैर्ऋत्येस सुमारे ९० किमी.वर, शार्त्र शहरात असलेले गॉथिक (टोकदार कमानी व मोठ्या खिडक्यांच्या मध्ययुगीन युरोपीय) शैलीतील कॅथीड्रल, म्हणजे बिशपचे मुख्य चर्च. ११९४ च्या आगीत आधीची वास्तू जळाली. पश्चिमेची कोरीव द्वारे आणि तळघर मात्र वाचले. नवे बांधकाम १२२० च्या सुमारास बहुतांशी उरकले, त्यामुळे आतली रचना एकजिनसी आहे. मनोरे तेवढे विजोड : दक्षिणेचा साधा कळस बाराव्या शतकातला, उत्तरेचा नक्षीदार कळस सोळाव्या शतकातला.

आत शिरल्यावर पहिली दहा मिनिटे डोळे अंधाराला सरावू द्यावेत. मधेच मोबाइलचा पडदा उजळला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मग छताची एक फासळी (छताला आधार देणारी दगडी कमानपट्टी) निवडून नजर खाली आणावी. ती भिंतीलगतच्या बारीक स्तंभिकेत आणि पुढे मुख्य खांबात उतरते. खांबही पाहण्यासारखे : एकाचा गाभा गोल व भोवतीच्या स्तंभिका अष्टकोनी, तर पुढच्याचे नेमके उलट. सुमारे ३७ मी. उंचीवरचे दगडी छत खाली दाबते, तसेच भिंतींना बाहेरही रेटते. फासळ्या हा रेटा ठरावीक जागी गोळा करतात आणि तिथेच बाहेरून फ्लाइंग बट्रेसचा (भिंतीला टेकलेल्या अर्धकमानीचा) धिरा दिलेला असतो. मधल्या भिंतीवर भार उरत नाही, म्हणून तिथे एवढ्या मोठ्या खिडक्या बसतात. दक्षिणेच्या बाजूने बाहेरून फेरी मारल्याशिवाय हे उमगत नाही. बहुतेक पर्यटक नेमकी तीच टाळतात. फ्रान्समधल्याच बोव्हे शहरातील कॅथीड्रलचे छत ४८ मी.पर्यंत चढवले, त्याचा काही भाग १२८४ मध्ये कोसळला.

चित्रकाचा, म्हणजे रंगीत काचांच्या तुकड्यांतून चित्रे साकारलेल्या खिडक्या, साधारणपणे खालून वर वाचतात. तळाच्या चौकटींत पाव भाजणारे, जोडे शिवणारे कारागीर दिसतात. वरच्या चौकटींसाठी दुर्बीण हवीच. पूर्वेच्या काचा सकाळी, पश्चिमेच्या दुपारनंतर पाहाव्यात. दक्षिणेकडून कडक ऊन आले की उत्तरेच्या खिडक्या फिक्या वाटतात. ढगाळ दिवस बरा. निळ्या वस्त्रातील मेरीची प्रसिद्ध काच आगीपूर्वीची आहे.

२००९ पासूनच्या जीर्णोद्धारात काजळी काढून भिंतींना पिवळसर रंग व पांढऱ्या रेघांचे सांधे दिले. मूळ रंगकाम तसेच होते, पण उजेड वाढून काचांचा झळाळ उणावला, ही टीका अगदीच निराधार नाही. जवळ गेल्यास रंगवलेले सांधे दगडांच्या खऱ्या सांध्यांशी जुळत नाहीत, हे दिसते.

फरशीतील सुमारे १३ मी. व्यासाचा चक्रव्यूह (वळणावळणाच्या वाटेची गोल नक्षी) एरवी खुर्च्यांखाली झाकलेला असतो. वर्षातील ठरावीक महिन्यांत शुक्रवारी तो मोकळा करतात. त्यासाठीच जायचे तर वार आधी तपासून घ्यावा.