आधी टेबलक्लॉथ, मग करार: भगिनी शहरांची पार्श्वभूमी

युरोप-अमेरिकेतल्या कित्येक शहरांत एखाद्या चौकात किंवा वेशीवर पाट्या लावलेल्या दिसतात. त्यांवर दूरदूरच्या गावांची नावे असतात. ही त्या शहराची भगिनी शहरे. दोन महापालिका ठराव करतात, दोन महापौर कागदावर सह्या करतात आणि नाते जुळते. हा काही आंतरराष्ट्रीय तह नव्हे. करार मोडला म्हणून कोणी कोणाला कोर्टात खेचू शकत नाही. इतक्या हलक्या कागदावर काही नाती पाऊणशे वर्षे टिकली आहेत, आणि ती का टिकली हे समजून घ्यायचे तर सह्यांच्या आधी काय घडले ते पाहावे लागते.

नावाचा घोळ सुरुवातीलाच मिटवलेला बरा. ब्रिटनमध्ये या नात्याला जुळी शहरे म्हणतात, अमेरिकेत भगिनी, जर्मनीत भागीदार. रशियन भाषेत तर मानलेले भाऊ असा शब्द आहे. चीनमध्ये मैत्रीची शहरे म्हणतात, कारण चिनी भाषेत बहिणी म्हटले की थोरली कोण आणि धाकटी कोण, हा प्रश्न येतोच. मराठीत भगिनी शहर हाच शब्द सोयीचा. जुळी शहरे म्हटले की मिनियापोलिस-सेंट पॉलसारखी एकमेकांना चिकटून वाढलेली शहरे डोळ्यांपुढे येतात. ती गोष्ट वेगळी.

या कल्पनेचे मूळ पहिल्या महायुद्धाच्या ढिगाऱ्यांत सापडते. तेव्हाचा शब्द बहीण नव्हता, दत्तक होता. उत्तर फ्रान्समधली गावेच्या गावे तोफांनी भुईसपाट झाली होती. 1920 मध्ये त्यांच्या मदतीसाठी ब्रिटनमध्ये एक संघ उभा राहिला आणि ब्रिटिश शहरांनी एकेक फ्रेंच गाव दत्तक घ्यायला सुरुवात केली. बर्मिंगहॅमने आल्बेर घेतले, यॉर्कशायरमधल्या कीथलीने प्वा-द्यू-नॉर घेतले. शेफिल्डने निवडलेल्या गावांत सेर होते, आणि त्या निवडीमागचे दुःख उघड आहे: 1 जुलै 1916 रोजी सॉमच्या लढाईत शेफिल्डच्या तरुणांची पलटण याच गावासमोर कापली गेली होती. ज्या मातीत आपली मुले पडली, त्या मातीतले गाव पुन्हा वसावे, असे त्या लोकांना वाटले. तरीही हे नाते एकतर्फीच राहिले. देणारा वर, घेणारा खाली. 1931 मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यातील टोलेडो आणि स्पेनमधले तोलेदो यांनी हात मिळवले. तिथे कोणी कोणाला दत्तक घेतले नव्हते, पण त्यांना जोडणारे सूत्रही मुख्यतः नावाचेच होते.

बरोबरीचे नाते खऱ्या अर्थाने उभे राहिले ते इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत. 14 नोव्हेंबर 1940 च्या रात्री जर्मन विमानांनी या कारखान्यांच्या शहरावर तासन्‌तास बॉम्ब टाकले. पाचशेहून अधिक माणसे गेली, हजारो घरे पडली आणि मध्ययुगीन कॅथेड्रलच्या फक्त भिंती आणि मनोरा उरला. दोन वर्षांनी सोव्हिएत संघातल्या स्टालिनग्राडच्या लढाईच्या बातम्या येऊ लागल्या, तेव्हा कॉव्हेंट्रीच्या बायकांना तिथे काय चालले असेल हे कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांनी एक टेबलक्लॉथ घेतला. 830 जणींची नावे त्यावर दोऱ्याने भरली, त्यांत महापौर एमिली स्मिथ यांचेही नाव होते. प्रत्येकीने सहा पेन्स दिले. मधोमध भरलेल्या ओळीचा आशय असा: मोठ्या कळवळ्यापेक्षा छोटीशी मदत बरी. कापड आणि पैसे स्टालिनग्राडला पोहोचले. तिकडूनही हजारो स्त्रियांच्या सह्यांचा अल्बम कॉव्हेंट्रीला आला. दोन शहरांचे नाते अधिकृतपणे जाहीर झाले ते यानंतर, 1944 मध्ये. आज ज्याला आपण भगिनी शहर म्हणतो त्या प्रथेची सुरुवात बहुतेक जण इथूनच धरतात.

मला यातली सहा पेन्सची गोष्ट महत्त्वाची वाटते. कॉव्हेंट्री स्वतःच उद्ध्वस्त झालेले शहर. त्याने दुसऱ्या उद्ध्वस्त शहराला काही दिले तर त्यात वर-खाली राहत नाही. दत्तक हा शब्द इथे आपोआप गळून पडतो.

पण स्टालिनग्राड मित्रपक्षात होते. शत्रूच्या शहराकडे हात पुढे करणे ही अवघड पायरी. कॉव्हेंट्री कॅथेड्रलचे मुख्य धर्मगुरू रिचर्ड हॉवर्ड यांनी उद्ध्वस्त वेदीमागच्या भिंतीवर दोनच इंग्रजी शब्द कोरून घेतले होते: पित्या, क्षमा कर. त्यांना क्षमा कर, असे लिहिले नाही, कारण क्षमेची गरज सगळ्यांनाच आहे अशी त्यांची धारणा होती. जळून पडलेल्या छतातले जुने खिळे जोडून तिथे क्रूस बनवले गेले. त्यांतला एक 1947 मध्ये कीलला गेला. कील म्हणजे जर्मनीचे नौदलाचे शहर, तेही बॉम्बफेकीत बेचिराख झालेले. त्याच वर्षी ब्रिस्टलमधले पाच नागरिक हॅनोव्हरला जाऊन आले. त्यानंतर ब्रिस्टलकरांनी तिथल्या मुलांसाठी जोडे गोळा करून पाठवले. युद्ध संपून दोनच वर्षे झाली होती. ज्यांच्या घरातली माणसे जर्मन बॉम्बने मेली होती, ते जर्मन पोरांच्या पायांत जोडे असावेत म्हणून धडपडत होते. याहून मोठे धैर्य मला सुचत नाही.

फ्रेंच-जर्मन जोड्यांतली पहिली 1950 ची: माँबेलियार आणि लुडविग्सबुर्ग. माँबेलियारचे महापौर ल्युसियाँ तारादाँ प्रतिकार चळवळीतले होते आणि बुखेनवाल्डच्या छळछावणीतून जिवंत परतले होते. जर्मन शहराशी नाते जोडू नका, असे त्यांना कोणी म्हणाले असते तर आश्चर्य नव्हते. पण पुढाकार त्यांचाच. पुढच्याच वर्षी युरोपातल्या महापालिकांची परिषद जिनिव्हात स्थापन झाली, 1963 मध्ये फ्रान्सचे द गॉल आणि पश्चिम जर्मनीचे आडेनाउअर यांनी दोन देशांच्या मैत्रीचा एलिझे करार केला, आणि मग दोन्ही देशांत अशा जोड्यांचा पूर आला. आज त्या 2000 हून जास्त आहेत. देशांच्या प्रमुखांनी सही केली तेव्हा माँबेलियारचे नाते तेरा वर्षांचे झाले होते, हे विसरून चालणार नाही.

कॉव्हेंट्री-ड्रेस्डेनचे नाते 1959 चे. ड्रेस्डेन तेव्हा पूर्व जर्मनीत होते आणि ब्रिटन सरकारने त्या देशाला मान्यताच दिलेली नव्हती. ती मिळाली 1973 मध्ये. ड्रेस्डेनवर फेब्रुवारी 1945 मध्ये ब्रिटिश आणि अमेरिकन विमानांनी आग ओतली होती, सुमारे 25,000 माणसे मेली. 1961 मध्ये काही जर्मन तरुण कॉव्हेंट्रीत येऊन कॅथेड्रलच्या अवशेषांत बांधकाम करून गेले. 1965 मध्ये ब्रिटिश तरुणांची तुकडी ड्रेस्डेनला गेली आणि बॉम्बमध्ये पडलेल्या एका इस्पितळाच्या उभारणीत महिनोन्‌महिने राबली. पुढे ड्रेस्डेनचे फ्राउएनकिर्शे हे कोसळलेले चर्च पुन्हा उभे राहिले आणि 2005 मध्ये प्रार्थनेसाठी खुले झाले. त्याच्या शिखरावरचा सोनेरी क्रूस ब्रिटिश देणग्यांतून लंडनमध्ये घडवला गेला. तो घडवणाऱ्या कारागिराचे वडील ड्रेस्डेनवर बॉम्ब टाकणाऱ्या विमानाचे वैमानिक होते.

अमेरिकेत ही चळवळ थोडी वेगळ्या वाटेने गेली. सेंट पॉल आणि नागासाकी यांचे नाते 1955 मध्ये जुळले, आणि त्यासाठी तारीख निवडली 7 डिसेंबर, म्हणजे पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याचा दिवस. अमेरिकन आणि जपानी शहरांतले हे पहिले नाते. पुढच्या वर्षी 11 सप्टेंबरला राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी व्हाइट हाउसमध्ये परिषद बोलावली आणि लोकांनी लोकांशी थेट संबंध जोडावेत, असा कार्यक्रम मांडला. आजची अमेरिकेतली भगिनी शहरांची संघटना त्यातूनच वाढली. त्याच 1956 मध्ये पॅरिस आणि रोम यांनी एकमेकांनाच निवडले: रोमला साजेल असे शहर फक्त पॅरिस आणि पॅरिसला साजेल असे फक्त रोम, या घोषवाक्यासह.

चीनच्या बाबतीत क्रम उलटा झाला. जपानने 1972 मध्ये चीनशी संबंध जोडले आणि 1973 मध्ये कोबे-त्यानजिन ही जोडी झाली. अमेरिकेशी राजनैतिक संबंध 1979 मध्ये सुरू झाले आणि त्याच वर्षी सेंट लुइस-नानजिंग. आधी सरकारे, मग शहरे. माझ्या मते इथेच या नात्याचा पाया बदलला. सरकारांच्या परवानगीने जुळलेले नाते सरकारांच्या भांडणात तुटायला वेळ लागत नाही. 2016 मध्ये प्राग आणि बीजिंग यांच्या करारात तैवान हा चीनचाच भाग असल्याचे मान्य करणारे कलम होते. महापौर झ्देनेक हर्झिब यांना ते काढून हवे होते. बीजिंगने नकार दिला, 2019 मध्ये नाते संपले आणि जानेवारी 2020 मध्ये प्रागने तैपेईशी करार केला.

जुन्या जखमाही नाती तोडतात. नागोयाच्या महापौरांनी 2012 मध्ये नानजिंगहून आलेल्या पाहुण्यांसमोरच जपानी सैन्याने तिथे केलेल्या हत्याकांडाबद्दल शंका घेतली. नानजिंगने 1978 पासूनचे संबंध थांबवले. जपानी सैन्याने लैंगिक गुलामीत ढकललेल्या स्त्रियांचे स्मारक सॅन फ्रान्सिस्कोने स्वीकारले म्हणून ओसाकाने 2018 मध्ये साठ वर्षांचे नाते तोडले. ज्या स्त्रियांना कोणी विचारले नव्हते, त्यांच्या आठवणीपायी दोन शहरे दुरावली, याचे वाईट वाटते.

स्टालिनग्राडचे नाव 1961 मध्ये व्होल्गोग्राद झाले. कॉव्हेंट्रीत रिंगरोडखालच्या एका जागेला त्याच शहराचे नाव आहे. रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यावर, 2022 मध्ये, कॉव्हेंट्रीच्या महापालिकेने हे नाते स्थगित केले. 830 नावांचा टेबलक्लॉथ मात्र व्होल्गोग्रादच्या युद्धसंग्रहालयातच आहे.