इंजिन बांधताना बेरिंग: जुनी ठेवायची की बदलायची, हा प्रश्न आला कुठून

वागळे इस्टेटपासून तुर्भे-कळंबोलीपर्यंत कुठल्याही गॅरेजात इंजिन उघडलं की मालक विचारतोच: ‘बेरिंगा चांगल्या दिसतायत, त्याच टाकल्या तर?’ इथे बेरिंग म्हणजे क्रँक, इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, ज्यावर टेकून फिरते ते मऊ धातूचं अस्तर. व्हाइट मेटलच्या काळात हा प्रश्न अगदी रास्त होता.

आयझॅक बॅबिट यांनी १८३९ साली अमेरिकेत मऊ मिश्रधातूचं अस्तर असलेल्या बेरिंगचं पेटंट घेतलं. पुढे मोटारींच्या इंजिनात हाच कथील, अँटिमनी, तांब्याचा धातू, म्हणजे बॅबिट किंवा व्हाइट मेटल, वितळवून थेट ब्लॉकमध्ये आणि कनेक्टिंग रॉडमध्ये ओतत. बोअर मारायचा, जर्नलला (क्रँकचा बेरिंगमध्ये फिरणारा भाग) निळा रंग लावून बेरिंगवर जिथे रंग उठेल तो उंच भाग खरवडायचा. झीज झाली की कॅपखालची (बेरिंगवर बोल्टने आवळलेलं अर्धगोल झाकण) पातळ शिम, म्हणजे पत्र्याची पट्टी, काढायची आणि पुन्हा खरवडायचं. तिथे बेरिंग दुरुस्त व्हायची. बदलणं हा शेवटचा उपाय.

डिझेलच्या दाबाखाली जाड बॅबिटला तडे जात. १९३० च्या दशकात पोलादी पाठीच्या पातळ शेल, म्हणजे सुट्या अर्धगोल बेरिंगा, रुळू लागल्या. पुढे पोलादावर तांबं-शिसं आणि त्यावर शिसं-कथिलाचा मऊ थर अशी तीन थरांची रचना आली. वरचा थर जेमतेम ०.०२ ते ०.०३ मिमी. त्यात खरवडायला काही उरलंच नाही. शेल ती बसते त्या हाउसिंगच्या अर्ध्या भोकापेक्षा किंचित लांब असते; कॅप आवळली की दाबून बसते आणि त्या दाबामुळेच फिरत नाही.

जुनी सवय मात्र टिकली. ढिलाई जाणवली की कॅप घासायची किंवा शेलमागे पत्रा घालायचा, हे अजूनही काही ठिकाणी चालतं. घासलेल्या कॅपने भोक अंडाकृती होतं, पत्र्याने शेलची उष्णता ब्लॉकमध्ये जात नाही. दोन्हीत बेरिंग जाते, आणि क्रँकही घेऊन जाते.

आज निर्णय शेल वाचून होतो. करडा पृष्ठभाग एकसारखा असेल, इंजिन फार चाललेलं नसेल आणि दुसऱ्याच कामासाठी उघडलं असेल, तर तीच शेल त्याच जागी, त्याच बाजूने परत बसते. तांबूस रंग दिसला, खवले निघाले, धातूचे कण रुतले किंवा पाठीवर घासल्याची चमक आली, तर नवीनच. क्लिअरन्स, म्हणजे जर्नल आणि शेलमधली फट, ढोबळमानाने जर्नलच्या व्यासाच्या हजारातला एक भाग, म्हणजे ६० मिमीला सुमारे ०.०६ मिमी, खरा आकडा कंपनीच्या मॅन्युअलचा. प्लास्टिगेज (दबून जितकी पसरते त्यावरून फट सांगणारी मऊ तार) कॅपखाली ठेवून ठरलेल्या टॉर्कने आवळा, मधे क्रँक फिरवू नका. क्रँक ग्राइंड केली तर प्रश्नच मिटला: दहा थाऊ (इंचाचे हजारावे भाग) उतरवले की ०.२५ मिमी अंडरसाइझ, म्हणजे आतून तेवढी लहान, शेल लागणार.

काही नव्या टर्बो डिझेलमध्ये रॉडची वरची शेल जास्त कठीण थराची असते, कारण ज्वलनाचा मार तीच खाते. वरची-खालची अदलाबदल झाली तर कोरी बेरिंगही टिकत नाही.

पावसाळ्यात सखल रस्त्यावर इंजिनाने पाणी ओढलं असेल तर किलोमीटर मोजू नका. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे रॉड वाकतो आणि त्याच वरच्या शेलवर धक्का बसतो. तेलात पाणी शिरून गाडी तशीच उभी राहिली तर मऊ थर गंजतो. अशा इंजिनात रॉडचा सरळपणा तपासून सगळ्या शेल बदलाव्यात, ऑइल पॅसेज धुवावेत आणि ऑइल कूलरही उघडावा.