यावे (स्पॅनिश शब्द)

यावे म्हणजे किल्ली. दुहेरी 'एल'ने सुरू होणारे हे स्त्रीलिंगी नाम आहे, अनेकवचन 'यावेस'. स्पॅनिश जगात बहुतेक ठिकाणी 'यावे' ऐकू येते, अँडीज पर्वताच्या काही भागांत जुना 'ल्यावे' टिकून आहे, तर ब्वेनोस आइरेसला तेच 'शावे' होते.

मूळ शब्द लॅटिन 'क्लाविस'. त्याचेच पोर्तुगीज रूप आपल्या ओळखीचे आहे, कारण 'चावी' हा शब्द मराठीत पोर्तुगीजांकडूनच आला. लॅटिनमधला आरंभीचा 'क्ल' स्पॅनिशने 'ल्य' केला, पोर्तुगीजने 'च'. आज लिस्बनचा माणूस त्याचा उच्चार 'श'ने करतो. सोळाव्या शतकातला 'च' कोकणी-मराठीने मात्र जपला. तेव्हा यावे आणि चावी या सख्ख्या चुलतबहिणी.

दार नुसते लोटून घेणे म्हणजे 'सेरार'. कुलूप घातले हे सांगायचे तर 'सेरार कोन यावे', किल्लीनिशी बंद करणे. आपण कुलपाचे नाव घेतो, स्पॅनिश माणूस किल्लीचे. घड्याळाला मात्र तो चावी देत नाही, 'क्वेर्दा' म्हणजे दोरी देतो.

शब्दाचा खरा पसारा घराबाहेर दिसतो. मेक्सिको, चिलीत नळाची तोटी म्हणजे यावे. स्पेनमध्ये तिला 'ग्रिफो' म्हणतात. पाण्याच्या मुख्य व्हॉल्व्हला 'यावे दे पासो' म्हणतात. पुण्यात पाणी सोडणाऱ्याला चावीवाला म्हणणाऱ्यांना हा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. नटबोल्टचा पाना, बासरी-क्लॅरिनेटवरच्या कळा, कुस्तीतली पकड, गणितातला महिरपी कंस, या सगळ्यांना हाच शब्द. 'आमा दे यावेस' म्हणजे घराचा कारभार पाहणारी बाई. कोलंबियात जिवलग मित्रालाही 'यावे' अशी हाक मारतात.

याच लॅटिन शब्दापासून विद्वानांच्या वाटेने आलेला 'क्लावे' निराळा: पासवर्ड, सांकेतिक लिपीची उकल, कमानीचा मधला दगड. कार्डाचा गुप्त क्रमांक विचारताना यावे म्हणणे चूक.

माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात चित्रकार वेलाझ्केझचे 'ब्रेडाची शरणागती' (सुमारे 1635) हे चित्र आहे; ब्रेडा हे नेदरलँड्समधले शहर. ऐन मध्यभागी, हरलेल्या सेनापतीच्या हातात शहराची किल्ली. जेता स्पॅनिश सेनापती स्पिनोला ती घेण्याआधी पुढे वाकून त्याच्या खांद्यावर हात ठेवतो.