बॉल पुसण्यामागची दोनशे वर्षं

स्नूकरचा सामना टीव्हीवर पाहताना एक दृश्य हमखास दिसतं. खेळाडू पांढऱ्या बॉलकडे बोट दाखवतो. पंच बॉलला टेकवून खुणेची एक छोटी पट्टी ठेवतो, हातमोजा घातलेल्या हातानं बॉल उचलतो, पुसतो आणि पुन्हा त्याच जागी ठेवतो. ही मेहेरबानी नव्हे. खेळणाऱ्यानं मागणी केली की बॉल पुसून देणं हे नियमानंच पंचाचं काम आहे. क्रिकेटमध्ये सगळा संघ बॉलच्या दोन बाजू वेगवेगळ्या व्हाव्यात म्हणून मांडीवर घासत बसतो. इथे सगळी धडपड उलटी, बॉल सगळीकडून सारखा राहावा म्हणून. पण 'सारखा ठेवणं' म्हणजे नेमकं काय करायचं, हे बॉल कशाचा बनला आहे त्यावर ठरत आलं. आजही अनेक क्लबांमध्ये बॉलला जे काही चोळलं जातं, त्यामागे कुठल्या तरी जुन्याच काळातली समजूत असते.

सुरुवातीला, म्हणजे स्नूकर ज्यातून पुढे निघाला त्या बिलियर्ड्सच्या खेळात, बॉल लाकडाचे होते. सतराव्या शतकापासून हस्तिदंती बॉल दिसू लागले आणि एकोणिसाव्या शतकात चांगल्या टेबलावर दुसरा कुठला बॉल चालेनासा झाला. हस्तिदंताचा टणकपणा आणि उसळी यांना तोड नव्हती, पण त्याचा स्वभाव फार वाईट. सुळा म्हणजे एके काळी जिवंत असलेलं दंतद्रव्य. त्याच्या मधोमध नसेची बारीक वाहिनी जाते. ती बॉलच्या बरोबर मध्यातून जाईल अशा बेतानं कारागीर तुकडा कापायचे, नाहीतर एक बाजू जड व्हायची. कित्येक जुन्या बॉलवर समोरासमोर दोन काळसर ठिपके दिसतात, ती या वाहिनीची दोन टोकं. एका सुळ्यातून असे चांगले बॉल तीन ते पाच निघायचे. आजच्या स्नूकरच्या बावीस बॉलांचा संच हस्तिदंतात करायचा म्हटला तर निदान तीन-चार हत्ती लागतील.

कातून झालेला बॉल लगेच खेळायला घेता येत नसे. तो महिनोन् महिने मुरवत ठेवायचा, मग अखेरचा हात फिरवायचा. तरीही तो स्थिर राहीलच असं नाही. हस्तिदंत हवेतली ओल शोषतं आणि कोरड्या हवेत ती सोडून देतं. बरं, ते फुगतं-आकसतं तेही सगळ्या दिशांना सारखं नाही, सुळ्याच्या लांबीच्या मानानं आडव्या अंगानं जास्त. म्हणजे गोल बॉल हळूहळू किंचित अंडाकृती व्हायचा. थंडीत बाहेरून आणलेले नवे बॉल गरम खोलीत तसेच खेळायला घेतले तर तडकण्याची भीती असायची, म्हणून आधी त्यांना खोलीची हवा लागू द्यायची. या काळात निगा म्हणजे आकाराची निगा. पाणी हा शत्रू, पुसायचं ते कोरड्या मऊ कापडानं, आणि बॉल बेढब झाला की कातणाऱ्याकडे पाठवून पुन्हा गोल करून घ्यायचा. दर वेळी तो थोडा लहान आणि हलका व्हायचा, म्हणून संचातले बाकीचेही त्याच्या मापाला आणावे लागत.

या खटाटोपाची आपल्याशी थेट गाठ आहे. स्नूकर जन्मला तोच मुळी जबलपूरच्या लष्करी छावणीत, १८७५ मध्ये. नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्याच्या नावावर तो शोध जातो, आणि पुढे उटीच्या क्लबात त्याचे नियम पक्के झाले. जबलपूरचा मे आणि उटीचा जुलै! हस्तिदंताची कसोटी पाहायला याहून टोकाच्या दोन हवा शोधून सापडल्या नसत्या.

हत्ती कमी पडू लागले तसा भाव चढला. १८६०च्या दशकात अमेरिकेतल्या फेलन आणि कॉलेंडर या बिलियर्ड्सचं सामान बनवणाऱ्या कंपनीनं हस्तिदंताला पर्याय देणाऱ्याला १० हजार डॉलरचं बक्षीस जाहीर केलं. ऑल्बनी इथला जॉन वेस्ली हायट नावाचा छपाई कामगार त्याच्या मागे लागला. नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांच्यापासून त्यानं आणि त्याच्या भावानं जो पदार्थ केला, तो सेल्युलॉइड. १८७० मध्ये त्याचं पेटंट निघालं. फिल्मपासून कंगव्यापर्यंत पुढे जे जे आलं, त्यातल्या बऱ्याच गोष्टींची वाट बिलियर्ड्सच्या टेबलावरून जाते.

नायट्रोसेल्युलोज हा स्फोटक कापसाचा सख्खा भाऊ. हायटनं स्वतःच पुढे १९१४ मध्ये सांगितलं आहे की बॉलला पेटता सिगार टेकला तर तो भडकायचा, आणि क्वचित दोन बॉल जोरात आदळले की टिकली फुटल्यासारखा आवाज व्हायचा. कोलोराडोत बिलियर्ड्सचा अड्डा चालवणाऱ्या एकानं त्याला पत्र लिहिलं होतं: आवाजाचं मला काही नाही, पण तो झाला की खोलीतला प्रत्येक माणूस पिस्तूल उपसतो. हा किस्सा खूप ताणून सांगितला जातो, जणू रोज बॉल फुटत होते. तसं नव्हतं. निगेच्या यादीत काही काळ 'विस्तवापासून दूर ठेवा' एवढी एक भर पडली, इतकंच.

ब्रिटनमध्ये याच घराण्यातले बॉन्झोलिन आणि क्रिस्टलेट हे मिश्र द्रव्याचे बॉल आले. ते स्वस्त होते आणि ओल पीत नव्हते. तरी व्यावसायिक खेळाडू हस्तिदंताला चिकटून राहिले. नव्या बॉलची उसळी वेगळी, धावण्याची तऱ्हा वेगळी, आणि आयुष्यभराचा हात एका द्रव्यावर बसलेला. तक्रार अगदीच खोटी नव्हती. अखेर १९२०च्या दशकात ब्रिटिश नियामक संस्थेनं हौशी खेळात मिश्र बॉल आणले आणि मग व्यावसायिकांनाही वळावं लागलं. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्सनी १९५८ मध्ये कलकत्त्यात जागतिक हौशी बिलियर्ड्सचं विजेतेपद मिळवलं, कुठल्याही खेळातले ते पहिले भारतीय जगज्जेते ठरले, तोवर हस्तिदंत स्पर्धांतून केव्हाच गेलं होतं.

आजचा बॉल मात्र त्या सेल्युलॉइडचाही वारस नाही. लिओ बेकलंडनं १९०७ मध्ये फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइडपासून बेकेलाइट केलं, त्या फिनॉलिक रेझिनच्या घराण्यातला हा बॉल. रेझिन साच्यात ओतायचं, आठवडेभर पक्कं होऊ द्यायचं, मग घासून मापाला आणायचं. बेल्जियममधल्या कालनेल गावची सालुक कंपनी अॅरामिथ या नावानं हे बॉल करते आणि जगातले बहुतेक दर्जेदार संच तिच्याकडचेच असतात. स्नूकरच्या बॉलचा व्यास ५२.५ मिलिमीटर, त्यात फरक चालतो तो ०.०५ मिलिमीटरचा. हा बॉल ओल पीत नाही, मुंबईच्या श्रावणातही फुगत नाही. आकाराची काळजी जवळजवळ संपली आणि सगळी काळजी पृष्ठभागावर आली.

पृष्ठभाग बिघडवतो तो प्रामुख्यानं खडू. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये मँगो नावाच्या खेळाडूनं क्यूच्या, म्हणजे खेळायच्या काठीच्या, टोकाला चामडं लावलं आणि बॉलला फिरकी देणं जमू लागलं. चामडं घसरू नये म्हणून खडू. इंग्लंडमधल्या बाथ शहरात जॅक कार नावाचा एक मार्कर, म्हणजे गुण लिहिणारा आणि टेबल सांभाळणारा नोकर, 'फिरकीचा खडू' म्हणून डब्या विकायचा. आत साधाच खडू असे, जादू त्याच्या मनगटात होती. आज ज्याला आपण खडू म्हणतो तो १८९७ च्या अमेरिकन पेटंटमधून आला. विल्यम स्पिंक्स हा खेळाडू आणि विल्यम हॉस्किन्स हा रसायनतज्ज्ञ यांनी वाळूतली सिलिका आणि अॅल्युमिनियम ऑक्साइड, म्हणजे सँडपेपरवर असतं ते द्रव्य, वापरून तो केला. चामड्याला पकड उत्तम मिळाली. पण तीच कणी निळ्या-हिरव्या धुळीच्या रूपानं कापडात मुरते, बॉलवर बसते आणि त्याला ओरखडते.

दोन बॉल एकमेकांना भिडतात तो काळ सेकंदाच्या काही दशसहस्रांशांचा. तेवढ्यात नुसता धक्का पोचत नाही, घर्षणही काम करतं आणि समोरचा बॉल अपेक्षित रेषेपासून थोडा ओढला जातो. स्वच्छ बॉलमध्येही हा ओढा असतो आणि खेळाडूचा डोळा तो नकळत हिशेबात धरतो. मळलेल्या बॉलमध्ये तो वाढतो. एका अंशाचा फरक दोन मीटरवर साडेतीन सेंटिमीटर होतो, आणि स्नूकरच्या पॉकेटच्या, म्हणजे बॉल ज्यात पाडायचा त्या भोकाच्या, तोंडात बॉलच्या दोन्ही बाजू मिळून चार सेंटिमीटरही जागा उरत नाही. नेमका भिडण्याच्या जागी खडूचा कण आला तर त्याहून वाईट: बॉल किंचित उसळतो, चाल मरते, आवाजही बद्द येतो. याला 'किक' म्हणतात. तिचं खापर स्थिर विजेवर आणि कापडावरही फोडलं जातं, पण मोठा संशयित खडूच. २०१०च्या दशकाच्या उत्तरार्धात व्यावसायिक स्नूकरपटू फिनलंडच्या ताओम कंपनीच्या, कमी डाग सोडणाऱ्या खडूकडे वळले ते यामुळेच.

ही पार्श्वभूमी लक्षात घेतली की आजच्या सवयींचं नवल वाटतं. फिनॉलिक बॉलला पाण्याचं वावडं नाही. कोमट पाणी, सौम्य साबणाचे चार थेंब, मऊ कापड आणि लगेच कोरडं पुसणं, एवढ्यानं बहुतेक काम होतं. तरी जुन्या क्लबांत 'बॉलला पाणी लावू नका' हे हस्तिदंताच्या काळातलं वाक्य ऐकू येतं. उलट तेल किंवा गाडीचं मेण लावून बॉल चमकवणारेही भेटतात. मेण लावलेला बॉल पहिल्या दिवशी बर्फावरून गेल्यासारखा घसरतो, मग थर जागोजाग उडतो आणि त्यावर खडू अधिकच चिकटतो. टूथपेस्ट आणि घासणी यांबद्दल तर बोलायलाच नको, ती मळाबरोबर पॉलिशही नेतात. अॅसिटोन किंवा ब्लीचही दूरच ठेवावं.

माझ्या मते क्लबांतली सर्वांत मोठी चूक वेगळीच आहे: फक्त पांढरा बॉल पुसायचा. दिसतो तो, मागणीही त्याचीच होते. पण स्वच्छ पांढरा आणि मळके लाल अशी जोडी असली की एका लालचा ओढा दुसऱ्याशी जुळत नाही, आणि खेळाडू हाताला दोष देत बसतो. सगळे सारखेच थोडे मळलेले असणं यापेक्षा बरं, त्याची निदान सवय होते. पांढऱ्याची खरी अडचण झिजेची असते. प्रत्येक फटका त्यालाच बसतो, म्हणून तो इतरांआधी लहान आणि हलका होतो, आणि त्यावर साबणाचा उपाय नाही. मायक्रोमीटरनं व्यास आणि सोनाराच्या काट्यावर वजन पाहिलं की पाच मिनिटांत कळतं. बदलायचा झालाच तर त्याच बनावटीचा, त्याच मापाचा घ्यावा. आणि धुतलेले बॉल ठेवण्याआधी कापडावरून ब्रश फिरवलेला असावा, नाहीतर पहिल्या फ्रेममध्येच, म्हणजे पहिल्या डावातच, कापडातली धूळ पुन्हा बॉलवर चढते.